घरातलं काम आणि ठेकेदार: फोन उचलणं बंद होऊ नये म्हणून काय ठरवायचं?

मधली_गॅलरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर २५ वर्षं जुना दोन बेडरूमचा फ्लॅट. दोन्ही बाथरूम फोडून नव्याने, किचनचा ओटा, हॉल आणि पॅसेजची फरशी, पूर्ण वायरिंग, थोडं सुतारकाम आणि शेवटी रंग, एवढं काम काढायचंय. तिघे ठेकेदार बघून गेले. एकाने कागदावर एकच आकडा लिहून दिला. दुसऱ्याने फक्त लेबरचे चौरस फुटाचे दर दिले. तिसऱ्याचं कोटेशन चार पानी आहे आणि त्यातलं अर्धं डोक्यावरून जातं.

दर विचारायला धागा काढलेला नाही, ते गावागणिक बदलतात. नारळ फोडताना मालक आणि ठेकेदाराचं अगदी गूळपीठ असतं आणि महिन्याभरात दोघं एकमेकांचे फोन उचलेनासे होतात. हे टाळायला आधी काय ठरवायचं, मधे काय सांभाळायचं, पैसे कसे द्यायचे? "आमच्याकडे ना..." छापाचे किस्से इतर धाग्यांवर भरपूर आहेत. इथे कृपया नेमकं लिहा.

---

ओळंबा

स्वभावावरून भांडणं कमी होतात. "ते दरात धरलं नव्हतं" या वाक्यावरून जास्त होतात. आणि हे वाक्य कुठेकुठे येणार त्या जागा ठरलेल्या आहेत.

फरशीचा लेबर दर चौरस फुटावर असतो. त्यात सहसा न धरलेल्या गोष्टी अशा: स्कर्टिंग म्हणजे भिंतीच्या तळाशी लागणारी टाइलची पट्टी (रनिंग फुटावर), टाइलच्या कडा ४५ अंशात घासून कोपरा जुळवणं (याला जॉली म्हणतात, हीसुद्धा रनिंग फुटावर), ग्रॅनाइटच्या कडेचं मोल्डिंग, सिंक आणि शेगडीचं कटिंग, जुनी फरशी उखडणं, खालचा माल (सिमेंट-वाळूचा थर) काढून पुन्हा लेव्हल करणं, टाइलमधल्या फटी भरायचं इपॉक्सी ग्राउट. २ बाय ४ फुटांच्या टाइलचा दर २ बाय २ पेक्षा जास्त असतो. ती उचलायला दोन माणसं लागतात आणि एवढ्या लांब टाइलला मधे किंचित बाक असतोच, म्हणून लेव्हल क्लिपा लावाव्या लागतात. क्लिपा कुणाच्या, हेही लिहा. हॉलला त्या शेकड्यांनी लागतात.

वायरिंगमध्ये "पॉइंट" या शब्दावरून हमखास वाजतं. दिव्याचा पॉइंट, ५ अँपिअरचा प्लग, १६ अँपिअरचा प्लग आणि टू-वे स्विच यांचे दर वेगळे असतात. डीबीपासून (घरातला मुख्य वीजवाटपाचा बोर्ड) स्विचबोर्डापर्यंतची मेन वायर पॉइंटात धरली आहे की मीटरवर वेगळी, ते विचारा. वायरची जाडी लिहून घ्या: दिवे-पंख्याला १.५, १६ अँपिअरच्या प्लगला २.५, गीझर आणि एसीला ४ चौरस मिलिमीटर. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरचा.

एकरकमी आकडा देणारा वाईट माणूस असतो असं नाही. फक्त उद्या तुम्ही एक काम वगळलंत किंवा वाढवलंत तर किती कमी-जास्त करायचं याला त्याच्याकडे माप नसतं, तुमच्याकडेही नसतं. त्याला सांगा, आकडा तोच राहू द्या, फक्त फोडून द्या. तिघांची तुलना करायची असेल तर यादी तुमची असू द्या. काम, परिमाण, माल कुणाचा, कोणता, एवढे रकाने तुम्ही भरून द्यायचे आणि दराचा रकाना त्यांनी भरायचा.

परिमाण कसं काढायचं त्याचं एक उदाहरण. बाथरूम ७ बाय ४ फूट, परिघ २२. डॅडो (भिंतीवरच्या टाइल) ७ फुटांपर्यंत म्हणजे १५४ चौरस फूट. अडीच बाय सातचा दरवाजा वजा केला की १३६.५. तूटफूट १० टक्के धरून १५०. १ बाय २ फुटांच्या टाइलच्या पेटीत ५ नग असतील तर पेटी सुमारे ९.७ चौरस फुटांची, म्हणजे १६ पेट्या. जमीन २८ चौरस फूट, पण ढाळामुळे तुकडे जास्त पडतात, तिथे १५ टक्के वाढवा. हे माप ठेकेदार आणि तुम्ही मिळून टेप लावून घ्यायचं आणि कागदावर दोघांनी सही करायची. खिडकी वजा करायची की नाही तेही त्याच कागदावर. आयएस १२०० या मोजमापाच्या मानकात प्लास्टरला अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा वजा करत नाहीत, म्हणजे २ बाय २ ची बाथरूमची खिडकी सुटते. टाइललाही तोच नियम लावायचा का, ते आपसात ठरवा.

---

थापी_करणी

ठेके घेतो, म्हणून या बाजूचं लिहितो.

मिस्त्री आणि बिगाऱ्याला दर आठवड्याला खर्ची द्यावी लागते, बहुतेक ठिकाणी शनिवारी किंवा रविवारी. ती चुकली की सोमवारी माणूस दुसऱ्या साइटवर दिसतो. मालकाने ठरलेला हप्ता "सोमवारी बघू" म्हणून ढकलला तर जाणारा गवंडी मालकाच्याच बाथरूममधला असतो. म्हणून हप्ता शुक्रवारपर्यंत पोचता करा, आणि द्यायचा नसेल तर कारण बुधवारी सांगा, शनिवारी संध्याकाळी नको.

हप्ते तारखेला बांधू नका, टप्प्याला बांधा. अशी वाटणी दोन्ही बाजूंना चालते:

कामाला हात लावताना १० टक्के.
तोडफोड पुरी, राबिट (तोडफोडीचा मलबा) बाहेर, प्लंबिंग आणि वायरिंगच्या खाचा-पाइप झाल्यावर २०.
वॉटरप्रूफिंग होऊन पाणी भरून तपासल्यावर २०.
फरशी-डॅडो लागल्यावर २५.
नळ, कमोड, स्विच बसून रंगाचा पहिला हात झाल्यावर १५.
शेवटच्या यादीतली कामं पुरी झाल्यावर ५.
त्यानंतर ३० दिवसांनी उरलेले ५.

आगाऊ ४०-५० टक्के मागणारा बहुधा मागच्या साइटची देणी तुमच्या पैशातून भागवणार असतो. उलट, काम ७० टक्के उरकलं आणि हातात ३० टक्केच, अशी साइट ठेकेदारही मनातून सोडून देतो. तोंडाने "येतो, येतो" म्हणेल, पण चांगला मिस्त्री दुसरीकडे पाठवेल.

दुसरं म्हणजे मिस्त्रीला परस्पर काम सांगणं. "भाऊ, एवढा एक कोनाडा काढून टाक ना" म्हटलं की तो काढतो. त्याचा अर्धा दिवस गेला, तो माझ्याकडे हजेरी मागणार, मी तुमच्याकडे, आणि तुम्ही म्हणणार "एवढ्याशा कोनाड्याचे पैसे?" जे काही वाढवायचं ते ठेकेदाराला किंवा मुकादमाला. तेही व्हॉट्सअॅपवर, एका ओळीत: "जादा काम: मोठ्या बेडरूममध्ये १६ अँपिअरचा एक पॉइंट, दर अमुक, वेळ अर्धा दिवस." खाली मालकाचा "हो". "हो" आल्याशिवाय हातोडा लावायचा नाही. रविवारी आठवड्याच्या जादा कामांची बेरीज करून टाकायची, शेवटापर्यंत साठवायची नाही. कमी झालेलं कामही त्यातच वजा.

घरात निर्णय देणारा एकच ठेवा. सकाळी काका टाइल आडवी सांगतात, संध्याकाळी काकू उभी. मिस्त्रीने ऐकायचं कुणाचं?

माल मालकाचा असेल तर कोणती वस्तू कोणत्या तारखेला साइटवर हवी याची यादी ठेकेदाराकडून लिहून घ्या. माल न आल्यामुळे खाडा झाला तर त्या दिवसाची हजेरी मालकाकडे, माणूस न आल्यामुळे झाला तर ठेकेदाराकडे, हे पहिल्याच दिवशी बोलून टाका. बोलायला कडू वाटतं, पण नंतरच्या कटकटीपेक्षा बरं.

आणि कॅलेंडर बघा. फरशीचे कारागीर बरेचसे राजस्थानचे, सुतार राजस्थान आणि उत्तर प्रदेशचे, प्लंबिंगमध्ये ओडिशाच्या केंद्रपाडा भागातले पुष्कळ. बिगारी मराठवाडा, सोलापूर, कलबुर्गीकडचे. होळीला, दिवाळीला, ईदला माणसं गावी जातात. छठपूजा दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येते, त्यामुळे बिहार-यूपीचा माणूस दिवाळीला गेला की लगेच परतत नाही. जूनमध्ये पेरणी असते, आणि गावच्या जत्रेला कुणी अडवू शकत नाही. "दिवाळीच्या आत संपवून द्या" म्हणून सप्टेंबरच्या शेवटी काम काढणं म्हणजे भांडणाचा मुहूर्त काढणं. तुमच्याएवढ्या कामाला मोकळेपणाने दोन-अडीच महिने धरा.

---

मधली_गॅलरी

दोघांचे आभार. दोन शंका. शेवटचे ५ टक्के महिनाभर अडकवले तर ठेकेदाराला अविश्वास वाटणार नाही का? आणि माल त्याचा की आमचा?

---

थापी_करणी

आधी लिहिलेलं असेल तर नाही वाटत. सरकारी कामात अनामत कापतातच, आम्हाला सवय आहे. राग येतो तो शेवटी अचानक कापल्याचा. आणि ३० दिवसांनी स्वतःहून पाठवा, मागायला लावू नका. नंतर कधी नळ गळला तर त्याच आठवड्यात माणूस येईल.

---

ओळंबा

मालाबद्दल: जे भिंतीत आणि फरशीखाली गाडलं जातं ते ठेकेदाराकडे, जे डोळ्याला दिसतं ते मालकाकडे. सिमेंट, वाळू, वॉटरप्रूफिंगचं केमिकल, पाइप, फिटिंग त्याने आणायचं; टाइल, नळ, कमोड, दिवे तुम्ही. वॉटरप्रूफिंगचं केमिकल तुम्ही आणून दिलंत आणि गळलं, तर तो म्हणणार केमिकल खराब आणि दुकानदार म्हणणार लावणारा खराब. जबाबदारी एकाच्याच गळ्यात असावी.

त्याने आणलेला माल बघण्याचा हक्क मात्र तुमचा. सिमेंटच्या पोत्यावर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, तीन महिन्यांपेक्षा जुनं नको. पाइपावर कंपनी आणि दाबाचा वर्ग छापलेला असतो, वायरच्या बंडलावर जाडी. हे माल उतरतानाच बघा. भिंतीत गेल्यावर विचारलं की तो चोरीचा आरोप होतो.

पक्कं बिल हवं असेल तर तेही आधीच बोला. नोंदणी असलेला ठेकेदार १८ टक्के जीएसटी लावणार. रोखीचा दर ठरवून शेवटी "आता बिल द्या" म्हटलं की तो भुर्दंड कुणी सोसायचा यावर संबंध तुटतात.

---

तळमजला_नोटीसबोर्ड

सोसायटीच्या कमिटीत काम करतो, म्हणून हा भाग. सोसायटीशी वाद मालकाचा असतो, पण काम थांबतं ठेकेदाराचं. म्हणून सोसायटीचे नियम कोटेशन घेण्याआधीच त्याच्या हातात द्या. ब्रेकर दिवसातून चारच तास चालवता येणार असेल तर तोडफोडीचे दिवस दुप्पट होतात. लिफ्टमधून माल न्यायला बंदी असेल तर हमाली मजल्यागणिक वाढते. हे त्याला आधी माहीत असेल तर दरात येतं, नंतर कळलं तर तोंडावर येतं.

अर्जासोबत द्यायचं: कामाची यादी, सुरू आणि संपण्याची तारीख, ठेकेदाराचं नाव-नंबर, कामगारांच्या ओळखपत्रांच्या प्रती. कॉलम, बीम, स्लॅबला हात लावणार नाही असं लेखी. एसीच्या पाइपासाठी बीमला कोअर कटरने भोक मारणं हा सगळ्यात नेहमीचा गुन्हा आहे. मिस्त्री ते दहा मिनिटांत उरकतो आणि आतली सळई कापली जाते.

राबिटाचा हिशेब कुणीच करत नाही, म्हणून इथे मांडतो. वरचंच ७ बाय ४ चं बाथरूम. भिंती आणि जमीन मिळून १६५ चौरस फूट, टाइल आणि खालचा माल मिळून दीड इंच, म्हणजे जवळपास २० घनफूट. बाथरूमचा स्लॅब खाली बसवलेला असेल आणि त्यातलं फूटभर भरण काढायचं असेल तर आणखी २८. एकूण ४८ घनफूट भरीव. फुटल्यावर ते फुगतं, ६५ ते ७० घनफूट होतं. एका गोणीत घनफूटभर, ३५ किलोच्या आसपास. म्हणजे एका बाथरूमच्या ७० गोण्या, सुमारे अडीच टन. छोटा हत्ती टेम्पोच्या तीन-साडेतीन खेपा. तुमची दोन बाथरूम, शिवाय हॉल. "राबिट उचलणं दरात" एवढंच लिहिलं असेल तर ते जिन्याखालपर्यंत की महापालिकेच्या मान्य जागेपर्यंत, हे स्पष्ट करा. नाहीतर गोण्या पार्किंगमध्ये पडून राहतात आणि कमिटीची नोटीस मालकाला येते. मुंबईकरांना महापालिकेची डेब्रिज ऑन कॉल सेवा आहे, ती वापरा.

खालच्या मजल्यावरच्यांकडे तोडफोडीच्या आधी मालक आणि ठेकेदार दोघांनी मिळून जायचं, त्यांच्या बाथरूमच्या छताचे फोटो घ्यायचे. जुना ओलावा कोणता आणि नवा कोणता, हे त्यावरून ठरतं. ठेकेदाराला उगाच बोल लागत नाही.

आणि एक. तोडफोडीआधी नहाणी (जमिनीतलं पाणी जाण्याचं तोंड) आणि कमोडच्या पाइपांना एंड कॅप लावायला सांगा. पोत्याचा बोळा कोंबतात, तो आत जातो. सिमेंटचं धुवण पाइपात गेलं की आत दगड होतो आणि अख्खी लाइन तुंबते. कालवलेला माल धुवायला वेगळं पिंप ठेवा.

---

पाणसळ

बाथरूमवर स्वतंत्र लिहायला हवं, कारण वर्षभराने फोन जातो तो गळतीसाठीच. प्रत्येक टप्प्याला दोघांनी मिळून तपासणी केली असेल तर तो फोन भांडणाचा होत नाही.

सगळ्यात आधी कमोड आणि डायव्हर्टर (शॉवर-नळाकडे पाणी वळवणारा भिंतीतला व्हॉल्व्ह) विकत घ्या, किमान मॉडेल पक्कं करा. प्लंबर खाचा मारायच्या आधी. कमोडच्या ट्रॅपचं भिंतीपासूनचं अंतर मॉडेलगणिक वेगळं असतं, २२५ मिलिमीटर किंवा ३०० हे नेहमीचे. हे अंतर टाइल लागल्यानंतरच्या भिंतीपासून मोजायचं असतं. उघड्या विटेपासून मोजलं तर टाइल आणि माल मिळून इंच-सव्वा इंच खातात आणि कमोडची टाकी भिंतीला अडते. मग प्लंबर म्हणतो कमोड चुकीचा आणला, मालक म्हणतो पाइप चुकीचा काढला.

भिंतीतल्या डायव्हर्टरच्या बॉडीवर कमाल-किमान खोलीच्या खुणा असतात. टाइलचा चेहरा त्या दोन खुणांमध्ये यायला हवा. डायव्हर्टर जास्त आत गेला तर एक्स्टेन्शन शोधत फिरावं लागतं, बाहेर राहिला तर प्लेट भिंतीला टेकत नाही. म्हणून टाइलचा एक तुकडा आणि मालाची जाडी प्लंबरला दाखवूनच बॉडी पक्की करायची.

सीपीव्हीसीच्या (भिंतीतल्या पाण्याच्या प्लॅस्टिक पाइपांच्या) सांध्यांना २४ तास सुकू द्या. मग सगळी तोंडं बंद करून हातपंपाने १० किलोचा दाब भरा, दोन तास ठेवा. गेजचा काटा हलायला नको. गेजचा फोटो, सुरुवातीचा आणि शेवटचा. त्यानंतरच खाचा बुजवायच्या. बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा व्हिडिओ घ्या, भिंतीला टेप लावून, म्हणजे पुढे आरसा किंवा टॉवेल रॉडसाठी ड्रिल करताना पाइप कुठे आहे ते कळेल. वायरिंगचंही तसंच.

वॉटरप्रूफिंग: जमीन चिपिंग करून झाडून धुवायची. पाइपांभोवतीची भोकं नॉन-श्रिंक ग्राउटने भरायची; साध्या सिमेंटने भरली तर ते आकसतं आणि पहिली गळती तिथेच. भिंत आणि जमिनीच्या सांध्यात वाटा मारायच्या, म्हणजे कोपरा गोलसर होतो आणि कोटिंग तिथे चिरत नाही. मग पॉलिमर कोटिंगचे दोन हात, पहिला आडवा, दुसरा उभा. भिंतीवर किमान फूटभर, शॉवरच्या भिंतीला पूर्ण डॅडोइतकं. सुकल्यावर नहाणी बंद करून दोन-तीन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहायची, ४८ तास थांबायचं. दोन-चार मिलिमीटर उडून जातं, तेवढं सोडा. खालच्या घरी जाऊन छत बघा. स्लॅब खाली बसवलेला असेल तर भरण आणि कोबा (वरचा काँक्रीटचा थर) झाल्यावर पुन्हा एकदा कोटिंग, पुन्हा एकदा पाणी.

या ४८ तासांत बाथरूममध्ये काम होत नाही आणि इथेच घाईचा दबाव येतो, कधी ठेकेदाराकडून, कधी मालकाकडून. म्हणून वेळापत्रकात हे दिवस आधीच लिहा आणि त्या दिवसांत गवंडी हॉलच्या फरशीला लावायचा. त्याची हजेरी बुडत नाही, मग तो घाई करत नाही.

ढाळ: ८ फुटांना १ इंच, म्हणजे साधारण १०० ला १. टाइल लावायच्या आधी बादलीभर पाणी ओतून बघा. टाइल लागल्यावर "पाणी साचतंय" म्हणणं म्हणजे तोडायला सांगणं.

---

गुण्या

सुतारकामात मापावरूनच वाजतं. कपाटाचा दर समोरच्या क्षेत्रफळावर देतात. ७ बाय ६ चं कपाट ४२ चौरस फूट, वर २ फुटांचा माळा असेल तर आणखी १२. माळ्याचा दर तोच की कमी? आत ड्रॉवर किती धरलेत? चॅनल, बिजागऱ्या, हँडल कुणाचे? आतून लॅमिनेट की फक्त रंग? एवढ्या चार ओळी लिहिल्या की पुरतं. सिंकखाली आणि बाथरूमला लागून असलेल्या कपाटाला आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय. शिक्का प्रत्येक ८ बाय ४ च्या शीटवर असतो, कापायच्या आधी बघा. कापल्यावर तुकड्यावर शिक्का शोधत बसलात की सुतार दुखावतो, आणि ते योग्यच आहे.

रंगासाठी: किती हात पुट्टी, किती प्रायमर, किती रंग, हे आकड्यात. पुट्टी घासून झाली की रात्री दिवा भिंतीला टेकवून तिरपा धरा, उंचवटे लगेच दिसतात. हे रंग लावायच्या आधी दाखवलं तर पेंटर हसत दुरुस्त करतो.

---

मधली_गॅलरी

चूक दिसली तर सांगायची कशी? तोंडावर बोललं तर काम बिघडवतील, नाही बोललं तर तसंच राहील, अशी भीती वाटते.

---

ओळंबा

दोन प्रकार करा. ताबडतोब थांबवायचे: बीम-कॉलमला हात, पाणी न भरता टाइल, उलटा ढाळ, वेगळ्या बॅचच्या टाइल. यात ठेकेदाराला तिथूनच फोन लावा आणि काम थांबवा, संकोच नको. बाकी सगळं टप्प्याच्या शेवटी, एकदाच, यादी करून. रोज संध्याकाळी पाच चुका सांगितल्या की सहावी खरी असली तरी कुणी ऐकत नाही.

सांगायचं मोजून. "वाकडं दिसतंय" म्हटलं की वाद, चार फुटी लेव्हल पट्टी ठेवली की वाद नाही. टाइल नाण्याने किंवा लाकडी दांडीने वाजवा. मधे जरासं पोकळ वाजलं तर सोडून द्या, पण कोपरा पोकळ असेल तर बदलाच, जड भांडं पडलं की तिथेच तडकते. मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून खूण करा, मार्करने नको, मॅट टाइलवरून तो निघत नाही. हे ग्राउट भरायच्या आधी व्हायला हवं. ग्राउटनंतर एक टाइल काढताना शेजारच्या दोन फुटतात.

---

थापी_करणी

यात एक भर. पोकळ वाजण्याचं अर्धं कारण दरातच असतं. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोलाला भिंतीवर ती नीट धरत नाही. अॅडहेसिव्ह आणि दातेरी थापी लागते. २० किलोचं पोतं ३ मिलिमीटर जाडीला ५० चौरस फुटांच्या आसपास जातं. शिवाय भिंत आधी ओळंब्यात हवी, म्हणजे प्लास्टर वेगळं. मालक सिमेंटचा दर धरतो आणि अॅडहेसिव्हचं काम मागतो, तिथे मिस्त्री चार ठिपके मारून टाइल चिकटवतो. मधे पोकळच राहणार. हा आयटम कोटेशनमध्ये स्पष्ट करून घ्या.

आणि चूक मिस्त्रीच्या बिगाऱ्यांसमोर दाखवू नका. मुकादमाला बाजूला घेऊन सांगा, तो त्याच्या भाषेत सांगेल. साइटवर प्यायचं पाणी, वापरता येईल असा एक संडास, अवजारांना कुलूप लावता येईल असा एक कोपरा आणि दुपारचा चहा. दुसरं बाथरूम पहिलं चालू झाल्यावरच फोडायला घ्यायचं, म्हणजे घरच्यांची आणि कामगारांचीही सोय होते.

---

तळमजला_नोटीसबोर्ड

कुणीतरी विचारेलच म्हणून: घरात काम करणाऱ्या ठेकेदाराची तक्रार महारेराकडे होत नाही, ते इमारत बांधून विकणाऱ्या प्रवर्तकासाठी आहे. ठेकेदाराने सेवा नीट दिली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोग, दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तिथेच. मुदत दोन वर्षं, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. पण तिथे विचारतात कागद. वर सांगितलेली सहीची मोजमापं, व्हॉट्सअॅपवरचे "हो" आणि बँकेतून दिलेले हप्ते हेच ते कागद.

ताब्याला पाच वर्षं झाली नसतील अशा नव्या फ्लॅटवाल्यांनी मात्र जपून. बांधकामातल्या दोषाची जबाबदारी रेरा कायद्यात प्रवर्तकावर पाच वर्षं असते. तुम्ही बाथरूम फोडलंत की तो म्हणणार, गळती तुमच्या ठेकेदारामुळे. आधीची गळती असेल तर फोडण्यापूर्वी फोटोंसह लेखी कळवून ठेवा.

---

मधली_गॅलरी

चार पानी कोटेशनवाल्याला उद्या बोलावलंय, टेप घेऊन. आता ते कोटेशन कळायला लागलंय! एक शेवटचं: उरलेल्या टाइल दुकानदार परत घेईल म्हणतो. परत द्याव्यात का?

---

पाणसळ

न फोडलेल्या पेट्या परत घेतील का, किती दिवसांत आणि किती कापून, हे घेतानाच बिलावर लिहून घ्या. पण प्रत्येक प्रकारची एक पेटी घरात ठेवाच. बॅच आणि शेडचा नंबर पेटीच्या बाजूला छापलेला असतो, तो पुठ्ठा टाकू नका. पुढे पाइप दुरुस्तीला चार टाइल काढाव्या लागल्या तर त्याच बॅचच्या बाजारात मिळत नाहीत. माळ्यावर उभ्या ठेवा, आडव्या रचल्या तर खालच्या तडकतात.